व्हायोलिनच्या सर आणि मॅडमना खुले पत्र: एक विद्यार्थी व्हायोलाकडे पाठवा

प्रति,
ठाणे, नवी मुंबई आणि मधल्या ऐरोली-घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात व्हायोलिन, चेलो, बासरी, क्लॅरिनेट शिकवणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ठाण्यातला आमचा तंतुवाद्यांचा छोटा गट आणि वाशी-नेरुळकडचा असाच एक गट यांनी येत्या हिवाळ्यापासून एकत्र काम करायचं ठरवलं आहे. दोन्हीकडची माणसं हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी रबाळ्याच्या कारखान्यात. वर्षभर तिघातिघांच्या, चौघाचौघांच्या तुकड्यांनी चेंबर म्युझिक, म्हणजे छोट्या गटाचं संगीत, वाजवायचं आणि वर्षातून दोनदा सगळ्यांनी मिळून पंचवीसेक जणांचा वाद्यवृंद उभा करायचा, असा बेत आहे.

खुर्च्यांचा हिशेब मांडला तेव्हा चित्र असं दिसलं: पहिल्या व्हायोलिनसाठी रांग, दुसऱ्या व्हायोलिनला कसेबसे चार जण, चेलो दोन, व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) एक, तो मी, आणि डबल बास, म्हणजे चेलोहूनही मोठं, सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य, शून्य. ओबो आणि बासून या फुंकून वाजवायच्या वाद्यांचं तर नावच काढायला नको. सगळेच सलामीचे फलंदाज आणि यष्टिरक्षक कोणीच नाही, अशी ही टीम आहे.

या जागा जाहिरात देऊन भरणार नाहीत, कारण त्या तुमच्या क्लासमध्ये रिकाम्या राहतात. रागावू नका, पुढचं वाचा.

सात-आठ वर्षांचं मूल क्लासला येतं. व्हायोलिन लहान आकारात मिळतं, त्या मानाने स्वस्त असतं, स्कूटरवरून नेता येतं. मग लंडनच्या बोर्डांच्या ग्रेड परीक्षा सुरू होतात: तीन तुकडे, स्केल्स, थोडं साइट-रीडिंग (नवा कागद समोर येताच वाजवणं), थोडी कानाची परीक्षा. साथीचा पियानो बहुतेक वेळा मोबाइलच्या स्पीकरवर. मूल पाचवीपर्यंत जातं, फार तर सहावीपर्यंत (ग्रेड म्हणतोय, इयत्ता नाही), मग दहावीचं वर्ष उगवतं आणि व्हायोलिन कपाटावर जातं. या सगळ्या वर्षांत शेजारच्या मुलाने वेगळी ओळ वाजवली आणि आपण आपली सांभाळली, हा अनुभव त्याला एकदाही आलेला नसतो. वार्षिक कार्यक्रमात वीस मुलं एका रांगेत उभी राहून कीबोर्डच्या ट्रॅकवर एकच चाल वाजवतात, त्याला मी सामूहिक वादन म्हणायला तयार नाही. त्यात एक जण थांबला तरी कोणाला कळत नाही. चौघांच्या तुकडीत एक जण अर्धी मात्रा चुकला की चौघंही थांबतात. शिकण्याची खरी जागा तीच आहे.

परीक्षा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. प्रमाणपत्राशिवाय पालक फी भरत नाहीत हे आम्हालाही ठाऊक आहे. पण परीक्षेला एकट्यानेच उभं राहायचं असतं आणि वाद्यवृंदात एकटं कोणीच नसतं.

आता व्हायोलाकडे येतो, कारण सगळ्यात मोठं भगदाड तिथे आहे. आपल्याकडे व्हायोला म्हणजे ज्याला व्हायोलिन जमलं नाही त्याची सोय, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात संगीतकारांना तीच खुर्ची आवडत आली. 1784 च्या सुमारास व्हिएन्नातल्या एका घरी हायडन आणि मोझार्ट एकाच चौकडीत (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) वाजवायला बसले, तेव्हा हायडनकडे व्हायोलिन होतं आणि मोझार्टकडे व्हायोला. शूबर्टच्या घरच्या चौकडीत वडील चेलोवर, दोन भाऊ व्हायोलिनवर आणि फ्रान्झ व्हायोलावर. तरुण बेथोव्हन बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा. चेक संगीतकार द्वोरझाकने प्रागच्या नाट्यगृहात स्मेताना या संगीतकाराच्या हाताखाली कित्येक वर्षं व्हायोलाच वाजवला. मधल्या सुरात बसलं की वरचं आणि खालचं दोन्ही ऐकू येतं, हे या मंडळींना माहीत होतं.

द्वोरझाकची एक हकिकत तर तुम्हा शिक्षकांना सांगायलाच हवी. 1887 मध्ये तो प्रागमध्ये सासूच्या घरी राहत होता. त्याच घरात क्रूइस नावाचा रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा आणि व्हायोलिन शिकायचा. त्याचे शिक्षक पेलिकान हे नॅशनल थिएटरच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक. भिंतीपलीकडून या गुरुशिष्यांचं वादन द्वोरझाकच्या कानावर पडायचं. त्याच्या मनात आलं, आपणही व्हायोला घेऊन यांच्यात बसावं. म्हणून त्याने दोन व्हायोलिन आणि एक व्हायोला यांच्यासाठी तेर्झेतो, म्हणजे तिघांची रचना, लिहिला, ओपस (रचना क्रमांक) 74. पण तो क्रूइसला झेपेना. तेव्हा त्याच तीन वाद्यांसाठी द्वोरझाकने नवे, सोपे चार तुकडे लिहून दिले.

या हकिकतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सातवी सिम्फनी लिहून झालेला माणूस एका हौशी विद्यार्थ्यासाठी सोपं लिहायला बसला, आणि त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसायला त्याचा शिक्षकही तयार होता. तुमच्यापैकी किती जण आपल्या विद्यार्थ्यासोबत दुसरं व्हायोलिन वाजवता? जे वाजवतात त्यांचे विद्यार्थी मला ओळखू येतात. ती मुलं वाजवता वाजवता मान वर करून समोरच्याकडे बघतात.

तर मागणी अशी आहे. प्रत्येक क्लासने एक विद्यार्थी, शक्यतो चौथ्या ग्रेडच्या पुढचा, वर्षभरासाठी व्हायोलाकडे वळवावा. सगळ्यात कच्चा नको आणि सगळ्यात पक्काही नको. ज्याचा कान चांगला आहे आणि ज्याला पुढे पुढे करायची हौस नाही असा द्या. तारांपैकी तीन त्याच्या ओळखीच्याच असतात: व्हायोलिनच्या जी, डी, ए या तारा व्हायोलातही आहेत, फक्त वरची ई जाते आणि खाली सी येते. आल्टो क्लेफची, म्हणजे व्हायोलाचं नोटेशन ज्या खुणेने वाचतात तिची, भीती घालू नका. मधल्या रेषेवर मधला सी, एवढं एकदा डोक्यात बसलं की महिनाभरात मूल सरावतं. वाद्य विकत घ्यायचीही घाई नको. हात लहान असेल तर व्हायोलिनवरच व्हायोलाच्या तारा चढवून सुरुवात करता येते, जगभर लहान मुलांना असंच शिकवतात. सी जरा बसक्या आवाजाची लागते, पण चालतं. मोठ्यांसाठी आमच्याकडे फिरवायला वाद्यं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

तुमच्या मनातली शंका मी ओळखतो, कारण दोन्ही शहरांतल्या शिक्षकांनी ती तोंडावर बोलून दाखवली आहे: "मुलगा तुमच्याकडे पाठवला की तो तुमचाच होणार." तसं होणार नाही. आम्ही क्लास काढणार नाही, शिकवणीची फी घेणार नाही आणि कुठल्याही मुलाच्या गजाची पकड तुमच्या परवानगीशिवाय बदलणार नाही. कार्यक्रमाच्या कागदावर वादकाच्या नावाखाली त्याच्या शिक्षकाचं नाव छापू. एवढं करूनही एखादा विद्यार्थी क्लास सोडून गेला, तर तो तसाही जाणारच होता, असं मला आपलं वाटतं.

हिंदुस्तानी आणि कर्नाटक व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरुजनांनाही हे पत्र आहे. ते चुकून नाही. नेरुळ-वाशीच्या दक्षिणी कुटुंबांतली मुलं वर्णम (कर्नाटक संगीतातली एक रचना) वाजवताना तालाला जशी पक्की असतात, तशी आमच्यातली निम्मी माणसंही नाहीत. आणि ठाण्यात ज्यांनी गायकाच्या मागे बसून साथ केली आहे, त्यांना दुसरं व्हायोलिन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. समोरच्याची जागा ऐकायची, तिला उठाव द्यायचा आणि स्वतः अर्धं पाऊल मागे राहायचं, हे त्यांच्या हातात आधीच आहे. अडचणी आहेत. ही मुलं खाली बसून, व्हायोलिनचं डोकं घोट्याशी टेकवून वाजवतात, तारा षड्ज-पंचमात लावतात आणि नोटेशन वाचत नाहीत. उभं धरायला आणि कागद वाचायला वर्ष लागेल. लागू द्या. एक मात्र स्पष्ट करतो, आम्हाला फ्युजन करायचं नाही. तुमच्या मुलाला हायडन वाजवायला बोलावतोय, हायडनमध्ये यमन मिसळायला नाही.

जागा भरायच्या कशा, यावरही दोन्ही गटांत बराच वाद झाला. ओळखीने भरू नयेत यावर एकमत झालं. पडदा लावून ऑडिशन घ्यायची पद्धत बॉस्टनच्या वाद्यवृंदाने 1952 साली सुरू केली, पुढे ती अमेरिकेत रुळली. पडद्याआडून येणाऱ्या बुटांच्या टाचांवरून बाई की पुरुष हे कळायला लागलं, तेव्हा तिथे गालिचे घातले, बूट काढायला लावले. आपल्याकडे चपला दाराबाहेरच असतात, ती अडचण सुटलेलीच आहे. आम्हीही पडदा लावणार. कोण कुठल्या सरांचा, कोण घोडबंदर रोडच्या टॉवरमधला आणि कोण कळव्याच्या चाळीतला, हे ऐकणाऱ्याला कळायला नको.

पण पडद्याआडून फक्त हात कळतो. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये नव्या वादकाला आधी परीक्षाकाळ असतो आणि मग त्याला कायम करायचं की नाही ते वादक मतदानाने ठरवतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला साबिने मायर या क्लॅरिनेटवादक तरुणीसाठी वाद्यवृंदाचा खुद्द प्रमुख संचालक कारायान हट्ट धरून बसला होता, तरी वादकांनी 73 विरुद्ध 4 मतांनी तिला नाकारलं. तिचा आवाज इतरांत मिसळत नाही, असं कारण दिलं. ती बाई आहे हेच खरं कारण, असं पुष्कळांना तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पुढे ती जगातल्या मोठ्या एकल वादकांत गणली गेली. म्हणजे परीक्षाकाळ हवा, पण "मिसळत नाही" या शब्दांआड काहीही दडवता येतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आम्ही यातून काढलेली वाट अशी. पडद्यामागून पास झालेल्याला लगेच वाद्यवृंदात बसवायचं नाही. आधी सहा महिने त्याने चौकडीत वाजवायचं, आणि चौकड्या दर महिन्याला बदलायच्या. वेगवेगळ्या माणसांबरोबर बसल्यावर तो खरोखर ऐकतो की नाही ते कळतंच, आणि एखाद्याचा त्याच्यावर राग असला तर तोही उघडा पडतो. ज्यांनी त्याच्याबरोबर वाजवलं त्यांनीच मत द्यायचं, तेही कारण लिहून. पंचवीस जणांच्या मागे लपून वाजवता येतं. चौघांत कुठे लपणार?

दोन गटांच्या भागीदारीचं म्हणाल तर भांडणाचा पहिला मुद्दा अर्थातच पहिलं व्हायोलिन कोणाचं, हा होता. न्यूयॉर्कच्या एमर्सन क्वार्टेटमध्ये दोन्ही व्हायोलिनवादक आळीपाळीने पहिल्या खुर्चीवर बसायचे, तोच नियम घेतला. एका कृतीत ठाणे पुढे, पुढच्या कृतीत वाशी. पार्टवर, म्हणजे प्रत्येकाच्या ओळीच्या कागदावर, गज वर की खाली न्यायचा याच्या खुणा करण्याचं काम एकाच माणसाकडे, नाहीतर तालमीचा अर्धा वेळ वरून की खालून यातच जातो. पैसे एका खात्यात.

तालीम रविवारी सकाळी आठला, आणि साडेदहाला बंद म्हणजे बंद, कारण त्यानंतर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर असेल याचा भरवसा नाही. एक रविवार ठाण्यात, एक वाशीत. चेलोवाल्यांना ट्रान्स-हार्बरच्या लगेज डब्याशिवाय पर्याय नाही आणि तुर्भ्याच्या मार्केटमुळे त्या डब्यात पाट्यांची गर्दी असते. तेव्हा चेलोसोबत दोन व्हायोलिनवाल्यांनी जायचं, हा आमच्या भागीदारीतला बहुधा सर्वात उपयोगी नियम. पावसाळ्यात मोठा कार्यक्रम नाही. जून-जुलैत खुंट्या फुगून बसतात, गजाचे केस सैल पडतात, जुन्या वाद्यांचे सांधे उकलतात. ते महिने चौकड्यांसाठी ठेवलेत, कोणाच्या तरी घरी, खिडक्या लावून.

मुंबईच्या परिसरात हे काही पहिल्यांदा होत नाही. कार्ल्सबादमध्ये जन्मलेला वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार नाझींच्या सावटातून निघून 1934 साली मुंबईत आला. आल्यावर थोड्याच काळात त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. त्यात व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात बैठक. आपल्या पिढ्या ज्या धुनेवर सकाळी उठल्या, ती आकाशवाणीची धून याच कॉफमनची मानली जाते. मेहलींनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. छोट्या बैठकीत हात बसलेली माणसं होती म्हणून मोठ्या वाद्यवृंदाला पाया मिळाला, असं माझं वाचन आहे. पुढे हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गोव्याच्या चर्च-शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी कित्येक दशकं व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटचे विभाग भरले. सिंथेसायझर आला आणि ती कामं आटली, त्यांची मुलं इंजिनिअर झाली. त्यांतले काही ज्येष्ठ अजून आपल्या आसपास राहतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर आमच्या तालमीला नुसतं ऐकायला या, आम्हाला खूप झालं.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 मध्ये सुरू झाला. देशातला पहिला व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद. त्यात भारतीय वादक अजून थोडे आहेत, मोसमात बरेच वादक परदेशातून येतात. त्यांनी मुलांसाठी अकादमी काढली, चांगलं काम चाललंय. पण नरिमन पॉइंट ठाण्याहून गाडीत चेलो घेऊन गाठायचं म्हणजे मुलाचा आणि आईचा अख्खा दिवस. मधली पायरी इथे, ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना हवी.

म्हणून पहिला प्रयोग साधाच ठेवला आहे. मोझार्टचा के. 136 (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हा दिव्हर्तिमेंतो, म्हणजे हलकीफुलकी रचना. सोळाव्या वर्षी, 1772 मध्ये लिहिलेला. चौघांनी वाजवला तर चौकडी, पंचवीस जणांनी वाजवला तर वाद्यवृंद, कागद तोच. हिवाळाभर प्रत्येक तुकडीने तो चौघांत वाजवायचा आणि जानेवारीत सगळ्यांनी मिळून. त्याच्या जोडीला इंग्रज संगीतकार होल्स्टचा सेंट पॉल्स सूट (छोट्या तुकड्यांची मालिका). होल्स्ट लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या मुलींच्या शाळेत शिकवायचा, तिथल्याच वाद्यवृंदासाठी त्याने तो लिहिला. गडकरी रंगायतन किंवा विष्णुदास भावे नाट्यगृह भरवायची आमची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. शाळेचा हॉल, चर्चचा हॉल, सोसायटीचं क्लब हाउस, साठ खुर्च्या मावतील अशी खोली पुरे. माइक अजिबात लावणार नाही. या दोन शहरांत स्पीकर पुष्कळ झाले.

ज्यांच्या क्लासात व्हायोलिनशिवाय दुसरं काहीच नाही त्यांनी मागे राहू नये. टेलेमान या जुन्या जर्मन संगीतकाराचे नुसत्या चार व्हायोलिनांसाठी लिहिलेले कॉन्चेर्तो आहेत, त्यांत चेलो नाही, पियानो नाही, नुसती चार व्हायोलिन आणि चौघांच्या ओळी वेगळ्या. कागद फुकट मिळतात, आम्ही छापून देऊ. आधी चार मुलांना त्यातला एक बसवा. चौघांपैकी जो चौथी ओळ मनापासून वाजवेल, त्यालाच व्हायोलाकडे पाठवा.

आणि एक राहिलं. कोणाच्या शाळेत, चर्चमध्ये किंवा माळ्यावर डबल बास धूळ खात पडला असेल, तारा नसल्या, पूल मोडलेला असला तरी कळवा. टेम्पो आम्ही घेऊन येतो.

आपला,
दोन्ही गटांच्या वतीने,
एक व्हायोलावादक
नौपाडा, ठाणे